ऑपरेशननंतर उरलेलं दुखणं: चूक शोधायची की कारण?

‘ऑपरेशन झालं, पन दुखनं काही गेलं नाही.’ काटोल-नरखेडच्या पट्ट्यात हे वाक्य इतकं सवयीचं झालं आहे की ऐकणारा त्यावर थांबतही नाही. गर्भपिशवी काढलेली बाई, हर्नियाला जाळी बसवलेला संत्र्याच्या बागेतला मजूर, मणक्याचं ऑपरेशन करून आलेला ट्रॅक्टरचालक, पित्ताशय काढूनही उजव्या बरगडीखाली हात दाबून बसणारा दुकानदार. यांतले बहुतेक जण नागपूरला जाऊन आलेले असतात. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं, नाहीतर धंतोली-रामदासपेठेतला एखादा खासगी दवाखाना. साठेक किलोमीटरचा रस्ता, दोन-तीन खेपा, कागदांची थैली. दुखणं मात्र त्यांच्यासोबतच परत येतं.

या दुखण्याची दोन स्पष्टीकरणं आपल्याकडे तयार असतात. घरचे म्हणतात, ‘ऑपरेशन बिघडलं.’ डॉक्टर म्हणतात, ‘ऑपरेशन व्यवस्थित झालंय, रिपोर्ट नॉर्मल आहेत, आता दुखायचं काही कारण नाही.’ ही दोन्ही वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटत असली तरी त्यांच्या पोटात एकच समजूत आहे: कापलेल्या जागी काही बिघाड दिसला तर दुखणं खरं, नाही दिसला तर दुखणं खोटं. ही समजूत उथळ आहे आणि तिच्यामुळे माणसं वर्षानुवर्षं उगाच दुखणं सोसतात, असं मला ठामपणे वाटतं.

माझं म्हणणं असं. जखम भरल्यावरही दुखणं टिकून राहिलं तर ‘कोणाची चूक?’ हा प्रश्न रांगेत बराच मागे उभा करावा लागतो. त्याच्या आधी काही प्रश्न ठरावीक क्रमाने विचारायचे असतात. त्यांतल्या बहुतेकांची उत्तरं नीट ऐकून आणि हाताने तपासून मिळतात, यंत्राने नव्हे. हा क्रम टाळून केलेली दुसरी शस्त्रक्रिया ही अंदाजाने केलेली शस्त्रक्रिया असते.

हा अपवाद नाही

आधी प्रमाणाबद्दल बोलू, कारण शस्त्रक्रियेनंतर उरणारं दुखणं म्हणजे लाखात एखाद्याचं दुर्दैव असंच अजून मानलं जातं. १९९८ साली स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या वेदना-चिकित्सालयांत येणाऱ्या पाच हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली. त्यांतल्या २२.५ टक्के लोकांचं जुनाट दुखणं शस्त्रक्रियेपासून सुरू झालेलं होतं. २००६ मध्ये केहलेट, येन्सन आणि वुल्फ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या विषयाचा आढावा घेतला. हर्निया, स्तन, छाती, पाय कापणं, हृदयाची बायपास अशा नेहमीच्या शस्त्रक्रियांनंतर १० ते ५० टक्के लोकांचं दुखणं टिकून राहतं आणि २ ते १० टक्के लोकांचं ते तीव्र असतं, असं त्यांनी मांडलं. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात या दुखण्याला स्वतःची नोंद मिळाली आहे. शस्त्रक्रियेनंतर सुरू झालेलं किंवा वाढलेलं, जखम भरून आल्यावरही, निदान तीन महिने टिकलेलं, आणि संसर्ग, कर्करोग किंवा आधीचा आजार यांनी ज्याचा उलगडा होत नाही असं दुखणं, ही त्याची व्याख्या.

या व्याख्येचा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘इतर कारणांनी उलगडा होत नाही’ असं म्हणायचं तर ती इतर कारणं कोणीतरी शोधलेली असावी लागतात. आपल्याकडे नाव चिकटवण्याची घाई होते आणि शोध राहून जातो.

पहिला प्रश्न: हे तेच दुखणं की वेगळं?

ऑपरेशनच्या आधी जे दुखत होतं तेच अजून दुखतंय, की ते थांबलं आणि हे नवीन सुरू झालं? अख्खा शोध या एका प्रश्नावर दोन वाटांना फुटतो. नवीन दुखणं असेल तर कारण बहुधा शस्त्रक्रियेत किंवा तिच्या परिणामांत आहे. तेच जुनं दुखणं असेल, त्याच जागी, त्याच वेळी, त्याच जातीचं, तर पहिला संशय निदानावर घ्यायला हवा. जो अवयव काढला किंवा दुरुस्त केला, तो दुखतच नव्हता. शस्त्रक्रिया सफाईने झाली असेल, टाके सुरेख असतील, तरीही ती दुसऱ्याच ठिकाणी झालेली असेल.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात वेदनादायक उदाहरण बीडचं आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. चर्चा झाली ती मुख्यतः मुकादम, मजुरी बुडणं आणि खासगी दवाखाने यांची. ती व्हायलाच हवी होती. पण वैद्यकीय बाजूचा एक साधा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला: या बायकांच्या तक्रारी नेमक्या कोणत्या अवयवाच्या होत्या? मोळ्या उचलून कंबर धरलेली असेल, अंगावरून पांढरं जात असेल, लघवीला जळजळत असेल, तर त्यांतलं काहीही गर्भपिशवी काढल्याने बरं होईल याची खात्री नाही. कंबर तशीच राहते. आणि गर्भपिशवीसोबत अंडाशयंही काढली असतील तर तिशी-पस्तिशीत पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम सुरू होतात. हाडं झिजतात, सांधे दुखतात. एका दुखण्यावर इलाज करायला गेलेली बाई दोन दुखणी घेऊन परत येते.

विदर्भाला याची पूर्वसूचना फार आधी मिळाली होती. १९८९ मध्ये राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. त्या अभ्यासात दिसलेल्या आजारांत योनिमार्गाचे आणि ओटीपोटाचे संसर्ग मोठ्या प्रमाणात होते, म्हणजे औषधाने बरे होणारे आजार. जिथे तपासणीच झालेली नाही तिथे कापण्याचा निर्णय कशाच्या आधारावर होतो, हा प्रश्न त्या अभ्यासानंतर तरी प्रत्येक तालुक्यात विचारला जायला हवा होता.

पित्ताशयाची गोष्ट वेगळी नाही. सोनोग्राफीत खडे दिसतात. पोट फुगणं, जळजळ, ढेकर, जेवणानंतरचा जडपणा यांचं खापर त्या खड्यांवर फुटतं आणि दुर्बिणीने पित्ताशय निघतं. नेदरलँड्समध्ये पोटदुखी आणि खडे असलेल्या १,०६७ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात नेहमीच्या पद्धतीने शस्त्रक्रिया ठरवली, दुसऱ्या गटात कडक निकष लावून. वर्षभरानंतर दोन्ही गटांत सुमारे ४० टक्के लोकांचं दुखणं पूर्ण गेलेलं नव्हतं. खडे खरे होते, दुखणंही खरं होतं. दोघांचा संबंध मात्र बऱ्याच जणांत नव्हता.

विदर्भाचा स्वतःचा एक प्रश्न

इथे आपल्या भागातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण परदेशी पुस्तकांत ती यादीच्या तळाशी असते आणि आपल्याकडे ती वर हवी. ती म्हणजे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली होती. सिकलसेलमध्ये रक्तपेशी लवकर फुटतात, त्यातून पित्ताचा रंग वाढतो आणि तरुण वयातच खडे होतात. त्याच पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पोट दुखतं, हाडं दुखतात, पाठ दुखते. मांडीच्या हाडाचं डोकं रक्ताअभावी झिजतं आणि तरुणपणीच खुबा बदलण्याची वेळ येते.

आता हे जोडून पाहा. पंचविशीतल्या तरुणाला पोटदुखी आहे, सोनोग्राफीत खडे आहेत, पित्ताशय काढलं, पोटदुखी चालूच. आतडी चिकटली का, नळीत खडा राहिला का, नस कुठे दुखावली का, असा शोध महिनोन्‌महिने चालेल. कारण मात्र त्याच्या रक्तात आहे आणि ते ऑपरेशनच्या आधीही तिथेच होतं. सोल्युबिलिटीची साधी चाचणी अल्प खर्चात होते. तिच्यात दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री करतात. जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. विदर्भात शस्त्रक्रियेनंतर दुखणं टिकलेल्या, विशेषतः तरुण रुग्णाची ही चाचणी झाल्याशिवाय ‘कारण सापडत नाही’ असं कोणी लिहू नये, एवढा आग्रह मी धरेन.

चित्रावरचा विश्वास

‘एमआरआय काढून या.’ हे वाक्य ऐकलं की रुग्णाला बरं वाटतं. आता खरं काय ते कळेल, असं वाटतं. मणक्याच्या बाबतीत हा विश्वास सर्वांत महागात पडतो. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘नस दबलीय’ ही भाषा आता शेताच्या बांधापर्यंत पोचली आहे.

पण ज्यांची पाठ कधीच दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन पाहिले तर काय दिसतं? अशा अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. पाठ न दुखणाऱ्या लोकांत चकती झिजलेली दिसण्याचं प्रमाण विशीतच ३७ टक्के होतं, ऐंशीत ९६ टक्के. चकती फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. थोडक्यात, झीज ही बऱ्याच अंशी केस पिकण्यासारखी आहे. स्कॅनवर दिसलेली झीज आणि अंगात होणारं दुखणं यांचा संबंध गृहीत धरायचा नसतो, तपासून सिद्ध करायचा असतो. पायातली कळ त्याच नसेच्या वाटेने जाते का? त्याच नसेचा स्नायू कमजोर झालाय का? तिथलीच त्वचा बधीर आहे का? हे जुळलं नाही तर चित्रात काहीही दिसो, तिथे चाकू लावण्याला आधार नाही. ऑपरेशननंतर दुखत राहिलं म्हणून पुन्हा काढलेल्या स्कॅनमध्ये आता टाक्यांचे व्रण आणि स्क्रूही दिसतात, आणि दुखण्याचं खापर त्यांच्यावर फोडणं आणखी सोपं होतं.

चित्र निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. नसेवर खरोखर दाब असेल, गाठ असेल, पू असेल, तर चित्रच वाचवतं. पण आपला प्रश्न काय आहे हे ठरल्यावर चित्र काढायचं असतं. प्रश्नाविना काढलेल्या चित्रात काहीतरी दिसतंच, आणि जे दिसलं त्यालाच कारण मानण्याचा मोह डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही आवरत नाही.

रुग्ण बोट कुठे ठेवतो?

दुखणं नवीन असेल, ऑपरेशननंतरच सुरू झालं असेल, तर दुसरा प्रश्न जागेचा. रुग्णाला एका बोटाने जागा दाखवायला सांगा. काही जण अख्खा तळवा पोटावर फिरवतात, काही जण टाक्याच्या टोकाशी नेमकं एक बोट टेकवतात. या दुसऱ्या प्रकारच्या लोकांवर सगळ्यात जास्त अन्याय होतो, असं माझं मत आहे, कारण त्यांच्या सोनोग्राफ्या आणि सीटी स्कॅन पोटाच्या आत शोधत राहतात आणि दुखणं असतं पोटाच्या भिंतीत.

भिंतीतून जाणाऱ्या बारीक संवेदनवाहिन्या टाक्यात अडकतात, कापल्या जातात किंवा व्रणात ओढल्या जातात. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत जांघेतल्या तीन नसा वाटेत असतात. सिझरच्या आडव्या छेदाच्या दोन्ही टोकांना अशाच नसा येतात. दुखणं आग होते तसं, विजेचा झटका बसावा तसं किंवा सुई टोचावी तसं असतं; कपड्याचा स्पर्श सोसत नाही, शेजारची त्वचा मात्र बधीर. ही वर्णनं ऐकली की नसेचा विचार व्हायला हवा. या वर्णनांवर आधारलेली ‘डीएन-फोर’ ही दहा मुद्द्यांची प्रश्नावली २००५ पासून वापरात आहे. चार किंवा अधिक गुण आले तर नसेच्या दुखण्याची शक्यता बळावते. ती वापरायला पेन, कापूस आणि टोचायला एक पिन एवढंच लागतं.

त्याहून साधी तपासणी जॉन कार्नेट यांनी १९२६ मध्येच सांगून ठेवली आहे. रुग्णाला उताणं झोपवायचं, दुखऱ्या जागी बोट दाबायचं आणि मान-खांदे उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू घट्ट झाले की आतला अवयव झाकला जातो. दुखणं कमी झालं तर ते आतलं असण्याची शक्यता जास्त. तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर ते भिंतीतलं. मग त्याच जागी थोडं बधिरीकरणाचं औषध टोचून पाहतात. दुखणं काही वेळ गेलं तर कारण हाती लागलं, आणि कित्येकदा अशी दोन-चार इंजेक्शनं हाच इलाज ठरतो. शंभर वर्षं जुनी, बिनखर्चाची ही तपासणी तालुक्याच्या पातळीवर सहज होऊ शकते. ती रोजच्या सवयीची का नाही, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

जागेसोबत वेळ विचारायची. टाक्याच्या जागी महिन्याच्या महिन्याला, पाळीच्या दिवसांत दुखतं आणि गाठ फुगते असं सिझर झालेली बाई सांगत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी व्रणात रुजल्या आहेत का हे पाहावं लागतं. आणि काम विचारायचं. कापूस वेचताना ओटी कमरेला, बरोबर सिझरच्या व्रणावर बांधली जाते का? संत्र्याचं क्रेट उचलताना कोणत्या बाजूला भार येतो? दवाखान्याच्या कागदावर या प्रश्नांसाठी रकाना नसतो, पण विदर्भात ते विचारल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

‘आतून चिकटलंय’

पोटाच्या ऑपरेशननंतर दुखत राहिलं की हे एक उत्तर हमखास मिळतं. आतडी चिकटतात हे खरं. पोट उघडलेल्या बहुतेकांत थोडंफार चिकटतंच. ती अडली तर उलट्या होतात, पोट फुगतं, आणि तेव्हा तातडीची शस्त्रक्रिया लागते. पण नुसत्या जुनाट दुखण्यासाठी चिकटलेलं सोडवून उपयोग होतो का? नेदरलँड्समध्ये १०० रुग्णांना दुर्बिणीने तपासून निम्म्यांचं चिकटलेलं सोडवलं, निम्म्यांचं नुसतं पाहून पोट बंद केलं; कोणाचं काय केलं हे रुग्णांना सांगितलं नाही. २००३ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि सारखंच वाटलं. पित्ताशय काढल्यावरच्या दुखण्यासाठी पित्तनळीचं तोंड कापण्याच्या उपचाराची २१४ रुग्णांवर अशीच परीक्षा झाली, २०१४ मध्ये. लटकी प्रक्रिया केलेल्यांपैकी ३७ टक्के सुधारले, खरोखर कापलेल्यांपैकी २३ टक्के.

दुसऱ्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या प्रत्येक रुग्णाला हे दोन निकाल सांगितले गेले पाहिजेत.

गुपचूप राहिलेला संसर्ग

हे कारण कमी वेळा आढळतं, पण निसटलं तर सगळं बिघडतं. दुर्बिणीच्या छिद्राजवळ ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी गाठ येते, पाणी झिरपतं, नेहमीच्या अँटिबायोटिकने थांबत नाही. भारतात अशा जखमांमागे क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद वारंवार सापडले आहेत. उपकरणं रसायनात पुरेशी निर्जंतुक न होणं आणि नंतर साध्या पाण्याने धुतली जाणं, ही त्याची नेहमीची वाट. तपासायला देताना त्या जंतूंसाठी मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर अहवाल ‘जंतू नाहीत’ असाच येतो. बदललेला गुडघा दुखत राहिला तर सांध्यातलं पाणी काढून संसर्ग तपासायलाच हवा. आणि खुबाही तपासायला हवा, कारण खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं.

अवयव गेला, दुखणं राहिलं

हे सगळं शोधूनही काही रुग्ण उरतातच. त्यांच्याबाबत जो अन्याय होतो तो शब्दांचा असतो: ‘मनाचं आहे’, ‘टेन्शन घेऊ नका’. बायकांना हे जास्त ऐकावं लागतं.

पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाची बोटं दुखतात. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये या दुखण्याला नाव दिलं. अवयवच नाही तर बिघाड कुठे शोधणार? तरी ते दुखणं नाही असं म्हणण्याची कोणाची हिंमत होत नाही. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी सिद्धांत मांडला की पाठीच्या कण्यातच वेदनेची वाट कमी-जास्त उघडी होते. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं की मोठ्या इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच जास्त संवेदनशील होतात आणि मूळ इजा शांत झाल्यावरही तशाच राहू शकतात. मग साधा स्पर्शही दुखतो, लहान दुखणं मोठं होतं. ही चेतासंस्थेतली शारीरिक घडामोड आहे. भीती, झोप न होणं, घरातली कोंडी यांनी ती वाढते हे खरं. मधुमेहही त्यांनी वाढतो, पण मधुमेहाला कोणी मनाचा आजार म्हणत नाही.

कोणाला हे होण्याचा धोका जास्त, हेही बऱ्यापैकी ठाऊक आहे: ज्यांना ऑपरेशनच्या आधीपासून जुनाट दुखणं आहे, ज्यांना ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत फार तीव्र वेदना झाल्या, ज्यांची नस कापली गेली, जे खूप धास्तावलेले होते. यांतला दुसरा मुद्दा मला टोचतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत ‘थोडं सोसा’ म्हणून वेदनाशामक टाळणं हे आपल्याकडे धीराचं लक्षण मानतात. तीव्र वेदना त्या दिवसांत नीट आवरणं हा पुढच्या दुखण्याच्या प्रतिबंधाचा एक भाग आहे.

पाठीतल्या इंजेक्शनबद्दल थोडंसं

‘सिझरच्या वेळी पाठीत सुई दिली, तेव्हापासून कंबर गेली.’ महाराष्ट्रातल्या घराघरांत हा पक्का समज आहे. सुईच्या जागी काही दिवस दुखतं, क्वचित डोकं दुखतं, हे खरं. पण प्रसूतीत पाठीतून वेदनाशमन दिलेल्या आणि न दिलेल्या स्त्रियांचा इंग्लंडमध्ये दोन वर्षांहून अधिक पाठपुरावा झाला, २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि दोन्ही गटांत कंबरदुखीत फरक आढळला नाही. सुईला दोष दिला की गरोदरपणात सैल झालेले सांधे, कमकुवत झालेलं पोट, रक्तक्षय आणि बाळंतिणीवर लगेच पडणारं काम हे सगळं सुटून जातं.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप गंभीर आहे: अशा विचाराने निष्काळजी डॉक्टरांवर पांघरूण पडेल. चुका होतात, यात शंका नाही. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये नसबंदीच्या शस्त्रक्रियेत एका बाळंतिणीच्या पोटात कापड राहिलं. तिला ताप आला, पोट असह्य दुखू लागलं, पोट पुन्हा उघडल्यावर कापड सापडलं, आणि ती दगावली. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं ते १९९६ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली होती. हे झालं ते योग्यच झालं. म्हणूनच स्पष्ट सांगतो, ताप, वाढत जाणारं दुखणं, उलट्या, फुगलेलं पोट, पू, पायातली शक्ती जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, पोटरी सुजणं, यांत तीन महिने थांबायचं नसतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. आणि खरी चूक सिद्ध करायलाही हाच क्रम उपयोगी पडतो. दुखणं कधी, कुठे, कसं सुरू झालं याची नोंद असेल तर चूक लपत नाही. नुसत्या संशयाने कोर्टात काहीच टिकत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. सरकारी बाह्यरुग्ण विभागातली गर्दी मी नाकारत नाही. पण या रुग्णाचे आज होणारे फेरे, तीनदा काढलेली सोनोग्राफी, दर पंधरा दिवसांनी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, त्यातून मूत्रपिंडाला होणारा अपाय, हा वेळ आणि पैसा कोणाच्या खात्यावर मांडायचा? शिवाय प्रश्नावली भरून घेण्याचं काम प्रशिक्षित परिचारिका किंवा उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी करू शकतात.

तिसरा: कारण सापडून उपयोग काय, इलाज थोडाच आहे? पुष्कळदा आहे. नसेच्या दुखण्यावर ॲमिट्रिप्टिलिनसारखं जुनं, स्वस्त औषध आहे, सिकलसेलवर हायड्रॉक्सियुरिया आहे, जंतूंवर लांब पल्ल्याची औषधं आहेत, संवेदनशील झालेल्या चेतासंस्थेसाठी हळूहळू वाढवत नेलेली हालचाल आणि झोपेची दुरुस्ती आहे. पूर्ण बरं होण्याचं वचन कोणी देऊ नये. पण निम्मं दुखणं कमी झालं तरी बाई कामाला जाऊ शकते, आणि नको असलेली दुसरी शस्त्रक्रिया टळते.

काटोलमध्ये काय करता येईल

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने गरिबाला मोठ्या शस्त्रक्रियेचं दार उघडून दिलं, ही तिची मोठी कामगिरी आहे. पण तिची रचना प्रक्रियांच्या पॅकेजवर उभी आहे. पाठपुराव्याचं पॅकेज निवडक प्रक्रियांनाच आहे. ‘दुखणं का उरलं?’ या शोधाला त्यात जागा नाही. ती जागा तालुक्याच्या ठिकाणी करावी लागेल.

दोन गोष्टींपासून सुरुवात करता येईल. एक, सुट्टीच्या कार्डावरची नोंद. ऑपरेशनच्या आधी नेमकं काय आणि कुठे दुखत होतं, कोणत्या नसा दिसल्या किंवा कापाव्या लागल्या, जाळी कोणती आणि कशी बसवली, अंडाशयं ठेवली की काढली, काढलेल्या अवयवाचा पॅथॉलॉजी अहवाल काय आला, हे मराठीत लिहिलेलं हवं. आपली अंडाशयं आहेत की नाहीत हे कित्येक बायकांना माहीत नसतं, आणि नंतर तपासणाऱ्या डॉक्टरलाही ते कळायला मार्ग नसतो.

दोन, तीन महिन्यांनी एक ठरलेली भेट. ऑपरेशन नागपूरला झालं असलं तरी ही भेट काटोलच्या ग्रामीण रुग्णालयात, आठवड्यातल्या एका ठरलेल्या दुपारी व्हावी. तेच की वेगळं, कुठे, केव्हा, कसं, कोणत्या कामाने, हे प्रश्न, कार्नेटची तपासणी, सिकलसेल, हिमोग्लोबिन, साखर, आणि त्यानंतरच, गरज असेल तर, नेमका प्रश्न लिहिलेली चिठ्ठी देऊन मेडिकल किंवा मिहानच्या एम्सकडे पाठवणी. ‘पोटदुखी, पुढील तपासणीसाठी’ अशी चिठ्ठी नको. ‘सिझरच्या व्रणाच्या उजव्या टोकाला एका बोटाएवढ्या जागी आग, कार्नेट होकारार्थी, बधिरीकरणाने दोन तास आराम’ अशी हवी. अशी चिठ्ठी घेऊन गेलेल्या बाईला नागपुरात पुन्हा सोनोग्राफीच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही. या दुपारी सगळ्यात आधी बोलवायचं ते गर्भपिशवी काढूनही ओटीपोट आणि कंबर दुखत असलेल्या चाळिशीच्या आतल्या बायकांना. त्यांची यादी आशाताईंना तोंडपाठ आहे.